पासपोर्टच्या स्टुलावरचा कांदा

आमच्या अहेरीत बाबूभाईंनी ज्याचा फोटो काढला नाही असा माणूस सापडलाच, तर तो एकतर नुकताच बदली होऊन आलेला असतो किंवा नुकताच जन्माला आलेला. बाकीचे सगळे कधी ना कधी त्यांच्या लोखंडी स्टुलावर बसून गेलेले आहेत. बाजाराच्या रस्त्यावर ‘इकरा फोटो स्टुडिओ’ अशी पाटी आहे. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींच्या मधे एक फुलाफुलांचा पडदा. दुकानात ते स्टूल, स्टुलामागे पांढरा कपडा, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन, आणि कॅमेऱ्यामागून येणारा बाबूभाईंचा बारीक, मऊ आवाज: “हनवटी खाली. थोडी वर. दोन्ही कान दिसू द्या. हासू नका जी, बँकेचा फोटू हाय.”

लग्नाचे फोटोही त्यांनी आयुष्यभर काढले. पण लग्नाचा फोटो म्हणजे फोटो नव्हेच, ती नातेवाइकांची हजेरी, असं त्यांचं मत. मधे नवरा-नवरी, आणि भोवती दोन्हीकडची माणसं, मावतील तितकी, आणि मग न मावणारीही. “एक आत्या सुटली तं पूर्ण अल्बम फुकट,” ते सांगत. “फोटूत लोक नवरीले पाहत नाईत. आपन कुठी हाओत ते पाहतात.” पुढे लग्नांची कामं तरण्या पोरांकडे गेली, त्यांच्याकडे उडणारे कॅमेरे आले. बाबूभाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. “वरून काढला की सगळ्या आत्या मावतात,” एवढंच म्हणाले.

बाबूभाई बोलतात ते फक्त स्टुलावरच्या माणसाशी. बाकीचं बोलणं त्यांनी निकाह झाला त्याच दिवशी जाहिदाबाईंकडे सोपवून टाकलं होतं. पडद्यामागे जाहिदाबाईंचं शिलाई मशीन चाले आणि मशीनच्या वरताण त्यांचं बोलणं. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळे त्या घरी आज काय शिजलंय, कोणाचा ब्लाऊज कुठे तंग झाला आणि त्यात ब्लाऊजचा दोष किती, हे आम्हाला वर्तमानपत्राआधी कळायचं. नवरा-बायकोचं भांडणही आम्ही ऐकलेलं आहे. जाहिदाबाई भांडायच्या आणि बाबूभाई लॅमिनेशन करायचे.

मग इकरा बाळंत झाली. इकरा ही त्यांची एकुलती एक मुलगी, चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स. तिचा नवरा नदीम मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. जाहिदाबाई पिशव्या भरून एसटीत बसल्या. “छिल्ला आटोपला की येते,” त्या खिडकीतून म्हणाल्या. छिल्ला म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस. ते आटोपले. पण इकराची सुट्टीही त्याबरोबरच आटोपली आणि ड्युटी सुरू झाली, कधी दिवसाची, कधी रात्रीची. म्हणून मग “गुड्डीचे दात आले की येते.” गुड्डीचे दात आले, आणि ती नानीशिवाय कोणाच्या हातचं खाईना. “गुड्डी चालाले लागली की येते.” गुड्डी चालायला लागली, आणि नानीच्याच मागे चालायला लागली.

बाबूभाईंना बायको घरी परत हवी होती. यात समजायला कठीण असं काही नाही, साऱ्या रस्त्याला ते समजत होतं. पण ते बोलायचं कसं? एका पारड्यात दुधाच्या दातांची नात आणि दुसऱ्या पारड्यात पिकल्या दाढीचा नवरा. त्यांना लाज वाटायची. मधे एकदा ते चंद्रपूरला जाऊनही आले. जावयाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, सोफ्याच्या कडेला टेकून बसले. नदीम भला पोरगा, त्यानं पाणी विचारलं, चहा विचारला, पुन्हा पाणी विचारलं. इकरा म्हणाली, अब्बा, आता इथंच राहा. बाबूभाई म्हणाले, दुकान आहे. आणि दुकान असल्यामुळे लवकरच परत आले.

फोनवर तर बोलणं दोन मिनिटांच्या वर जात नसे. “जेवले?” “जेवलो.” “काय?” “वरन.” पलीकडून गुड्डी फोन ओढायची, आणि संपलं.

फोटोंची गोष्ट सुरू झाली ती या वरणावरूनच. जाहिदाबाईंच्या मांडणीवर एकाच मापाचे स्टीलचे डबे होते आणि कुठल्या डब्यात काय ते फक्त त्यांनाच ठाऊक. तूर कुठली आणि लाखोळी कुठली हे बाबूभाईंना उमगेना. त्यांनी चिमूटभर डाळ दुकानातल्या पांढऱ्या कपड्यावर ठेवली, फोटो काढला आणि पाठवला. “हे लाखोळी हाय,” उत्तर आलं. मग एक दिवस कांद्याला कोंब आला. हा कांदा खायला चालतो की नाही, हा प्रश्न. बाबूभाईंनी कांदा स्टुलावर ठेवला. हाताला जन्माची सवय, तेव्हा दोन्ही दिवे लावले. सावली पडू दिली नाही. कांदा थोडा डावीकडे वळवला. त्याला कान असते तर दोन्ही दिसले असते. पांढऱ्याशुभ्र मोकळ्या जागेत खाली एक छोटासा कांदा, डोक्यावर हिरवा तुरा, आणि चेहरा असा की बँकेनं कर्ज नाकारलंय.

“चालते. कोंब काढून टाका,” जाहिदाबाईंनी कळवलं.

पण तो फोटो इकरानं आईच्या फोनमधे पाहिला आणि तिनं बापाला फोन केला. “अब्बा, हे तर मिनिमल फोटोग्राफी आहे. लोक हे शिकायला क्लास लावतात.” मग तिनं समजावून सांगितलं. फोटोत कमीत कमी ठेवायचं. रोजचीच एखादी वस्तू, पण एकटी. बाकी जागा मोकळी सोडायची, मग ती मोकळी जागाच बोलते.

हे शेवटचं वाक्य बाबूभाईंच्या मनात बसलं. संध्याकाळी मला कांदा दाखवत म्हणाले, “भाऊ, मी जिंदगीभर गर्दीचे फोटू काढले. खाली जागा बोलते, हे मले कोनी सांगतलंच नाई.” मी कांद्याकडे बघून म्हणालो, छान आहे. मला त्यात कांदाच दिसत होता. त्यांना काय दिसलं होतं ते हळूहळू ध्यानात आलं: जे आपल्या तोंडून निघत नाही ते मोकळी जागा परस्पर बोलून टाकेल, आणि आपल्याला लाजायला नको.

त्यानंतर रोज सकाळी एक फोटो चंद्रपूरला जाऊ लागला. चटईवर एकच ताट. ओट्यावर एकच पेला, खिडकीतून तिरपं ऊन आलेलं. रिकाम्या भिंतीशी जाहिदाबाईंची घरातली चप्पल, जोडीनं ठेवलेली. दोरीवर एकच चिमटा. बोरीच्या झाडाखाली एक रिकामी खुर्ची, हा तर इतका सुंदर फोटो की माझ्यासारख्या माणसालाही गप्प बसावंसं वाटलं. बाबूभाई फोटो पाठवायचे आणि फोन गल्ल्यावर उताणा ठेवून वाट बघायचे.

उत्तरं येत. ताटाला: “घासनी बदला.” पेल्याला: “चिर गेली, टाकून द्या.” चपलेला: “हे जुनी झाली, भांडेवाल्या सोमारीले देऊन द्या.” खुर्चीला: “ठेवा. बसाच्या कामाची हाय.”

“तिले नाई समजलं,” बाबूभाई म्हणायचे. बायकोला दोष द्यायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी दोष फोटोला दिला. मोकळी जागा कमी पडली असणार.

आणि इथून त्या घराला ओहोटी लागली.

अडचण अशी की घर जाहिदाबाईंनी लावलेलं. त्या घरात मोकळी जागा कुठून येणार? कॅमेरा कुठेही धरा, कोपऱ्यातून काहीतरी डोकावणारच. कधी डब्यांची मांडणी, कधी पिठाची कोठी, कधी काचेच्या कपाटातलं ते प्लास्टिकच्या फुलांचं भांडं. बाबूभाई आधी कॅलेंडर काढत. मग खिळा काढत. मग खिळ्याचं भोक बुजवत. एका सकाळी ते शिलाई मशीनचं एक टोक धरून आमच्या दारात उभे. दुसरं टोक झेरॉक्सला आलेल्या एका मास्तरांनी धरलेलं.

“भाऊ, चार दिवस ठेवता का? फ्रेमच्या मधात येऊन राह्यली.”

मशीनमागून मांडणी आली. मग डबे, कोठी, दोन पेट्या, फुलांचं भांडं. चार दिवसांचे किती झाले ते कोणी विचारलं नाही. माझी बायको सरिता शेजाऱ्यांना नाही म्हणत नाही, मला म्हणते. “त्याहीचं घर खाली होऊन राह्यलं अन् आपलं भरून राह्यलं. उद्या म्हनतीन, भाऊ, मीच फ्रेमच्या मधात येऊन राह्यलो. मग त्याहिले कुठी ठेवू?”

बाबूभाईंनी आपले आवडते फोटो मोठे करून दुकानातही लावले होते. बाजाराच्या दिवशी भामरागडकडचा लच्छू आणि त्याची बायको बुधरी मोहफुलं विकून फोटो काढायला आले. पासबुकासाठी बुधरीचा फोटो हवा होता. लच्छू दाराशीच बसला. बुधरी मात्र स्टुलावर बसायच्या आधी भिंतीवरचं सगळं नीट बघत गेली, हाटात भाजी बघतात तशी. कांद्यापाशी थांबली.

“दादा, हा कांदा कोन्त्या बँकेत खातं काढते?”

बाबूभाई कसनुसे हसले. ती खुर्चीच्या फोटोपाशी गेली.

“इथं कोन बसते?”

“घरवाली.”

“मेली?”

“नाई, नाई. चंद्रपूरले हाय.”

बुधरीनं खुर्ची पाहिली, मग बाबूभाईंना पाहिलं. “चंद्रपूरले त मोटार जाते.”

“जाते नं.”

“मग खुर्चीचा फोटू काऊन काढता? मोटारीत बसा.”

“बसा बाई स्टुलावर,” बाबूभाई म्हणाले. “हनवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या.”

फोटो घेऊन ती दोघं गेली. मी तिथेच बाकावर होतो. बाबूभाई बराच वेळ कात्रीनं पासपोर्ट फोटोच्या उरलेल्या कडा बारीक बारीक करत बसले. त्या दिवशी पडद्याच्या आत मी सहज डोकावलो. पुढची खोली पार उघडी झाली होती. एक खाट, एक चटई, आणि भिंतीवर जिथे मांडणी होती तिथे रंगाचा उजळ चौकोन. माणूस बोलला तर घुमेल अशी खोली. पण बोलायला होतं कोण?

हे असंच चाललं असतं. पण आमच्याकडे देवाजी नावाचा ऑटोवाला आहे. ऑटो आलापल्लीपर्यंत चालते, जीभ त्याच्याही पुढे. मशीन, मांडणी, पेट्या, सगळं घराबाहेर निघताना त्यानं पाहिलं होतं. कुठे गेलं ते पाहिलं नव्हतं. त्याच्या बायकोचे दोन ब्लाऊज जाहिदाबाईंकडे अडकलेले, म्हणून त्यानं काळजीनं चंद्रपूरला फोन लावला: “भाभी, बाबूभाई घर खाली करून राह्यले का? आमचं कापड तेवढं सांभाळजा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंडपिपरीकडून येणाऱ्या एसटीतून जाहिदाबाई उतरल्या. हातात पिशवी नाही, कडेवर गुड्डी नाही. बुरख्याला लाल धूळ. बाबूभाई एका गुरुजींचा फोटो काढत होते. त्यांच्या बाजूनं त्या सरळ पडदा सारून आत गेल्या. आतून काहीच आवाज आला नाही. जाहिदाबाई आत आहेत आणि आवाज नाही, हे भिंतीपलीकडे आम्हालाही इतकं चमत्कारिक वाटलं की मी आणि सरिता दोघंही गेलो.

त्या खोलीच्या मध्यात उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “भाऊ, माझी मशीन कुठी हाय?”

“आमच्याकडं हाय, भाभी.”

“मांडनी?”

“आमच्याकडं.”

“डब्बे? कोठी? पेट्या?”

“आमच्याकडंच.”

“मग हा मानूस इथी काऊन ठेवला? हाही नेऊन घ्याचा होता.”

बाबूभाई पडद्यात उभे होते, कॅमेरा गळ्यात. गुरुजी बिचारे बाहेर स्टुलावर तसेच, हनुवटी खाली.

“ते विकलं नाई,” बाबूभाई म्हणाले. “ठेवाले देलं.”

“ठेवाले? अन् मले रोज फोटू काऊन पाठवत होते? आज पेला, उद्या चप्पल, परवा खुर्ची. एक-एक चीज मांडून. चारी बाजूनं साफ. मोबाइलवर जुन्या सामानाचे फोटू विकाले असेच टाकतात, नदीमनं दाखवले मले. मले वाटलं, इचारून राह्यले, हे ठेवू का काढू. म्हून मी सांगत होती, हे ठेवा, हे देऊन द्या.”

बाबूभाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांच्या सगळ्या मोकळ्या जागा एका क्षणात जुन्या सामानाच्या गुजरीत जाऊन बसल्या होत्या.

जाहिदाबाई खाटेच्या कडेला बसल्या. “देवाजीचा फोन आला. इकरा म्हने, अब्बा घर आटोपून येऊन राह्यले, चांगलं झालं. नदीमनं तुमच्यासाठी पलंग आनला. समदे खुश. मलेच रडू आलं. मी म्हटलं, आता मी वापस कुठी जाऊ?”

सरितानं माझा हात धरून मला बाहेर आणलं आणि म्हणाली, आधी मशीन देऊन टाका त्याहिची, मग काय ते पाहू. आम्ही दोघांनी दोन टोकं धरली, रस्त्यावरून फिरून मशीन त्यांच्या दारात आणलं, गुरुजींना ओलांडलं आणि पडद्यापाशी पोचलो, आणि नेमकं त्याच वेळी बाबूभाईंच्या तोंडून ते शब्द निघाले.

“मले करमत नाई.”

मशीन जड होतं. पण खाली ठेवायची ती वेळ नव्हती. आम्ही तसेच उभे राहिलो.

“कवापासून?” जाहिदाबाईंनी विचारलं.

“छिल्ल्यापासून.”

“मग तोंड कुठी गेल्तं?”

“तू म्हनली असती, नातीपेक्षा लहान झाले का म्हून.”

“म्हटलंच असतं,” जाहिदाबाई म्हणाल्या. “म्हनाले काय जाते माझं? पन आयकलं असतं नं मी.”

मग त्यांना आम्ही दिसलो. “भाऊ, ते तिथी कोपऱ्यात. खिडकीखाली. थोडी डावीकडं. अजून.” आणि आमच्या भिंतीपलीकडचा तो आवाज त्या घरात परत आला.

त्या संध्याकाळपर्यंत सगळं सामान परत गेलं. प्रत्येक डबा आपल्या जागी बसला. बुजवलेल्या भोकांच्या शेजारी नवे खिळे ठोकले गेले. जाहिदाबाईंनी देवाजीच्या बायकोचे ब्लाऊजही शिवून टाकले आणि देवाजीला जे बोलायचं ते बोलून घेतलं. बाबूभाई पेढे खाल्लेल्या माणसासारखे दुकानात वावरत होते. एका सकाळी त्यांनी सवयीनं ओट्यावर पेला ठेवला, कॅमेरा लावला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. “नाई जमत आता,” म्हणाले. “मधात सामान येते.”

“सामान मधात नाई येत,” आतून आवाज आला. “सामान असते. मधात तुमचा पेला येते.”

पण हे सुख टिकणारं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. इकराला रात्रीची ड्युटी लागली. नदीमच्या हातचं दूध गुड्डी थुंकून टाकत होती आणि फोनवर तिचं रडणं आमच्या भिंतीपर्यंत येत होतं. जाहिदाबाईंनी पुन्हा पिशव्या भरल्या. बाबूभाईंनी त्या उचलल्या. ‘राहा’ असं ते म्हणाले नाहीत, आणि ‘चला’ असं त्याही म्हणाल्या नाहीत. एकाला दुकान होतं, एकीला नात होती, आणि दोघांना मिळून हे भरलेलं घर होतं, ज्यात राहायला माणूस एकच.

स्टँडवर मीही गेलो होतो. बाबूभाईंनी हळूच विचारलं, “मग कवा?”

“आता नाई सांगत,” जाहिदाबाई खिडकीतून म्हणाल्या. “मी काही सांगतलं की ते पोट्टी नवीन काही शिकते. अन् आयका. फोटू पाठवू नका. फोन करा.”

“फोनवर काय बोलू?”

“तेच. जे तोंडानं बोलले ते.”

एसटी गेली. बाबूभाई दुकानात आले, दिवे लावले, स्टूल पुसलं. दिवसभर त्यांनी पडदा सारला नाही. पुढच्याच बाजूला बाकावर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक कागद लॅमिनेट करायला गेलो, तेव्हा त्यांनी फोन गल्ल्यावर उभा टेकवला होता आणि तो चालू होता.

“करमते का?” तिकडून आवाज.

“नाई,” बाबूभाई म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले, जरा लाल होऊन.

“मले बी नाई.”

झालं. पण कोणी फोन ठेवला नाही. बाबूभाईंनी माझा कागद प्लास्टिकमधे सरकवला, मशीन तापायची वाट बघू लागले. तिकडे गुड्डी वाटी आपटत होती. कुकरची शिट्टी झाली.

“गॅस बंद कर,” बाबूभाई म्हणाले.

“थांबा, अजून एक होऊ द्या.”

बाबूभाई थांबले. माझा कागद हातातच धरून, फोनकडे बघत, चंद्रपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिट्टीची वाट बघत उभे राहिले. मलाही घाई नव्हती.